आचलची जर्मनी

वर्धा,
मंगळवार, १८ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप बंडूभाऊस,

शोभाचा नमस्कार. इकडे सगळं ठीक. तिकडेही ठीकच असणार, नसतं तर तुझा फोन आला असता, आणि तुझ्यासोबत अर्ध्या गावाचाही. कागदावर लिहिते आहे म्हणून घाबरू नको, कोणी गेलेलं नाही. तू ओट्यावर बसून फोन स्पीकरवर लावतोस, तुझ्याशी खासगी बोलणं म्हणजे दवंडी पिटणं. म्हणून पोस्ट. वाचण्याआधी घरात जा. नत्थूजी शेजारी बसले असतील तर त्यांना चहा पाज आणि वाटेला लाव.

पहिली बातमी. प्रफुल्लचं लग्न झालं. हो, तोच, तुझ्या आचलशी ज्याचं साक्षगंध झालं होतं आणि तिने मोडलं होतं. मी गेले होते. बोलावणं नव्हतं, पण लॉनवरच्या लग्नात बोलावणं कोण विचारतं? अक्षता टाकल्या, बुफेत वांग्याची भाजी खाल्ली, मीठ कमी होतं. लग्नाच्या आधी नवरीच्या आईला गाठून मुलाचे गुण सांगूनही पाहिले होते. त्या म्हणाल्या, "बाई, पोट्टे लग्नाआधी असेच रायतेत. मंग सुधरतेत." म्हणून लग्नात मुलीलाच गाठलं. स्टेजवर गेले आणि आहेराच्या पाकिटात माझ्या दुकानाचं कार्ड घालून नवरीच्या हातात दिलं. "कोणताबी फॉर्म भराचा असला तं येजो. एकटी येजो." ती हसली. समजली असेल. नसेल तर समजेल.

आता दुकानाचं. ऑनलाइन फॉर्मांची गर्दी आहे, लोकांना अजून पासवर्ड मी लक्षात ठेवायचा असं वाटतं. मागच्या वेळी तू आलास तेव्हा काउंटरखालचा जुना कॉम्प्युटर बंद करायला वाकला होतास, आठवतं? "कायले लाइट जाळून राह्यली, कोणी बसत तं नाई त्याच्यावर." मी तुझ्या हातावर चापट मारली होती. तेव्हा कारण सांगितलं नाही, आज सांगते.

समज, एका बाईला निरोप पाठवायचा आहे, पण तो कुठून निघाला हे कोणाला कळू द्यायचं नाही. मग तो निरोप बंद होऊन तीन अनोळखी घरांतून जातो. पहिल्या घराला कळतं कोणी दिला, पण चालला कुठे ते कळत नाही. शेवटच्याला कळतं कुठे द्यायचा, पण दिला कोणी ते कळत नाही. मधल्याला यातलं काहीच कळत नाही. काउंटरखालचा माझा डबा म्हणजे असंच एक मधलं घर. जगभर हजारो लोक असे डबे फुकट चालवतात. आपल्या सावडीसारखंच: आज मी तुझ्या वावरात, उद्या तू माझ्या. फक्त वावर कोणाचं ते विचारायचं नाही.

आणि हे काम करते कोण, तर मी. वर्ध्यातली सर्वांत लांब जीभ अशी माझी ओळख तूच पाहुण्यांना करून देतोस. ती जीभ आज दोन वर्षं लोकांचे निरोप न वाचता पुढे सरकवते आहे. चांगुलपणा नव्हे, वाचताच येत नाहीत. इंटरनेटची वायर जोडणारा प्रेमदास एकदा म्हणाला, "ताई, दिवसभर एवढं काय जाते तुमच्या इथून?"

"दुनियेच्या चिठ्ठ्या."

"वाचता का?"

"वाचता आल्या असत्या तं तुझ्यासंगं बोलत बसली असती का?"

तो म्हणाला, चोरही पाठवत असतील. असतील. चोर एसटीनेही फिरतात, म्हणून कोणी एसटी बंद करा म्हणत नाही.

अशा प्रत्येक डब्याला नाव द्यावं लागतं. मी आईचं दिलं, विमला. गावातली प्रत्येक बाई आईजवळ येऊन रडून गेली आणि आईने एकीचं दुसरीला कळू दिलं नाही. हा गुण मशीनमध्ये उतरला, माझ्यात नाही. बाकी सांभाळायचं म्हणजे लाइट गेली की इन्व्हर्टर बघायचा, मे महिन्यात कूलर गिऱ्हाइकाकडे न फिरवता डब्याकडे फिरवायचा, नवीन प्रोग्राम आला की चढवायचा. एकदा तो चढवल्यावर डबा मुकाच झाला. मी सगळं उलटंपालटं केलं, आचलने लिहून लिहून समजावलं, आणि शेवटी लिहिलं, "आत्या, प्लग लावला आहे ना?" नव्हता.

हो. आचलने. बरोबर वाचलंस.

बसला आहेस ना? मग पुढचंही ऐक. ती जर्मनीत नाही. कधीच नव्हती.

ती तुम्हाला "बरी आहे, काळजी करू नका" असा मेल टाकायची, तो याच वाटेने यायचा. तू तो मोबाइल दुरुस्तीवाल्या धीरजला दाखवलास. त्याने मेलच्या पोटातून पत्ता काढला आणि छाती फुगवून म्हणाला, "काका, जर्मनी." अर्थ एवढाच होता की निरोप ज्या शेवटच्या घरातून बाहेर पडला ते घर जर्मनीत होतं. तू पेढे वाटलेस. नंतर पत्ता हॉलंडचा आला तेव्हा धीरज म्हणाला, "बदली झाली असंन." पोरगी पळाली म्हणणारे लोक तुझ्याकडे व्हिसाची चौकशी करायला यायला लागले. एकाला तर तू तिथल्या थंडीचं वर्णनही ऐकवलंस. हे आचलला कळवलं, तर तिने लिहिलं, "राहू दे आत्या. बाबांना कोणाला नाही म्हणता येत नाही, पण जर्मनी छान सांगता येते." आणि फायदाही झालाच. प्रफुल्लनेही तुझं खरं मानलं. त्याच्याकडे पासपोर्ट नव्हता.

आत्याले सांगितलं, मले काऊन नाई, असं तू विचारणार. तेच लिहायचं टाळत मी इतका वेळ लग्नातली भाजी आणि कूलर लिहीत बसले.

साक्षगंध मोडल्यावर आचलने नंबर बदलला. प्रफुल्लने तुला विचारला, तू दिलास. ती नागपूरला होस्टेलवर गेली. त्याने पत्ता विचारला, तू तोही दिलास. तो गेटवर उभा राहू लागला, तिच्या बसमध्ये चढू लागला. एके दिवशी त्याने तिला खिशातली बाटली दाखवली. त्यात काय आहे तेही सांगितलं, मी लिहीत नाही. तिने तुला फोन केला तर तू म्हणालास, "जावई मानलं होतं त्याले. दारात येऊन विचारते तं नाई कसं म्हणावं?"

तू वाईट नाहीस, भाऊ. जावई म्हटलं की आपल्या घरात पाट मांडायचा, पाणी द्यायचं आणि मागेल ते सांगायचं. तो जावई झालाच नाही हे तुझ्या जिभेपर्यंत पोचलं नव्हतं. म्हणून तिने तुझ्यापासूनही वाट लपवली. मी तिला मदत केली. त्याबद्दल माफी मागत नाही.

पोरगी गिरडला आहे. टेकडीखाली एका दवाखान्यात रक्त-लघवी तपासते. तो तिला परदेशात समजतो म्हटल्यावर तिला घराच्या जवळ यायची हिंमत झाली. गेल्या वर्षी तू त्याच टेकडीवरच्या दर्ग्याला गेला होतास, पोरगी जर्मनीत सुखरूप राहू दे म्हणून. उतरून तू चपला घालत होतास, तेव्हा तिने तुला पाहिलं आणि एका दुकानाआड झाली. त्या दिवशी तिचा एका ओळीचा निरोप आला. "बाबा बारीक झाले."

मग आज का सांगते? प्रफुल्लचं लग्न झालं म्हणून? त्याने अर्धीच झोप आली मला. उरलेली तू दिलीस.

मागच्या महिन्यात त्याचे काका तुझ्याकडे येऊन गेले. लग्नाआधी पोरगा तिची माफी मागू म्हणतो, फक्त तिचा मेल द्या. रंभावहिनी स्वयंपाकघरातून ऐकत होती. तू म्हणालास, "नाई देत."

"बंडूजी, तुमी तं कधी आमचा शब्द खाली पडू देला नाई."

"आता पडला. च्या प्या अन् निंगा."

वहिनी म्हणाली, तू पुन्हा नाहीच म्हणालास. मी ते जसंच्या तसं आचलला लिहिलं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, "बाबा खरंच असं बोलले? तू वाढवून तर सांगत नाहीस ना?" मी वाढवते हे जगजाहीर आहे. या वेळी काही वाढवलं नाही, वाढवण्यासारखं काही ठेवलंच नव्हतंस तू. मग तिने लिहिलं, "बाबांना सांग."

तर सांगितलं. भाऊ, इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. गुपित पोटात ठेवणाऱ्या बाया एवढ्या जाड का असतात ते मला आता कळलं.

रविवारी वहिनीला घेऊन वर्ध्याच्या स्टँडवर ये, पुढे मी नेते. वहिनीला आधीपासून काय माहीत होतं ते तिलाच विचार, मी तिची चुगली करणार नाही. गावाला काय सांगायचं ते तुझं तू ठरव. परत आली म्हण, नाहीतर खरं सांग, पेढे कोणी परत मागायला येणार नाही. तिला मात्र भेटल्याबरोबर घरी चल म्हणू नको. ती काय म्हणते ते आधी ऐक. ती येणारच आहे, तिला फक्त स्वतःहून म्हणायचं आहे.

डबा चालूच ठेवणार आहे. आचलला आता त्याची गरज नाही. कोणाला तरी असेल.

तुझी बहीण, आणि आता उघडपणे तिची आत्या,
शोभा