दोनशे त्रेपन्नच्या वर

लुब्लिन, ४ मार्च

ती. बाबांस,
मिल्काचा सा. न. वि. वि.

नोकरीला महिना झाला. मला खिडकीजवळचं टेबल मिळालं आहे आणि दारावरच्या पाटीवर माझं नाव आलं आहे. व्रोना घराण्याचं नाव आजवर पाटीवर आलं ते फक्त दफनभूमीत, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. मला त्या पाटीचा अभिमान वाटतो.

आमची कंपनी तारा, खांब आणि ट्रान्सफॉर्मर सांभाळते. माझा विभाग लोकांच्या तक्रारींना उत्तरं देतो. आत्याने लिहिलंय की गल्लीत सगळे खुशीत आहेत, रिशार्दची मुलगी आत बसली म्हणजे नवा ट्रान्सफॉर्मर उद्याच येणार म्हणून. त्यांना सांगा, तसं होणार नाही. ओळखीने कागद पुढे सरकवायचे दिवस गेले. तुम्ही गल्लीच्या वतीने सप्टेंबरात दिलेला अर्ज रांगेतूनच येईल. पण माझ्या सहीखाली खोटं उत्तर कुणालाही जाणार नाही. हा शब्द माझं नाव घेऊन सोळाही घरांना द्या. त्या सोळा घरांची दारं ठोठावून छपरांवर सौर पॅनेल बसवायला मीच लावलं होतं, ते मी विसरलेले नाही.

कळावं. माया आहे तेवढीच ठेवा, माझ्यासाठी वशिला लावायला निघू नका.

तुमची,
मिलेना

ओल्शाव्हा, १६ मार्च

चि. मिल्कास, अ. आ.

तुझं पत्र गावच्या महिला मंडळाच्या सभागृहात वाचून दाखवलं आणि तुझा शब्द सगळ्यांना दिला. शेजारचा वाल्देक म्हणाला की पोरगी शिकली हे बरंच झालं, पण इतकी शिकायला नको होती.

कालपासून ऊन पडायला लागलं, म्हणजे आपली वीज बंद पडायला लागली. सोळा छपरांची वीज एकाच बारक्या तारेत घुसते आणि तारेत दाब चढतो. तो दोनशे त्रेपन्न व्होल्टच्या वर गेला की भिंतीवरची पेटी टक् करून पॅनेल बंद करते. आपलं घर शेवटचं, म्हणून पहिला मान आपला. फादर वित्होल्द ट्रान्सफॉर्मरला खेटून राहतात, त्यांची पेटी कधीच बंद पडत नाही. रविवारी प्रवचनात ते म्हणाले की ऊन ही देवाची देणगी आहे आणि ती सगळ्यांना सारखीच मिळते. वाल्देक मागच्या बाकावरून पुटपुटला की मिळते सारखीच, पण आमच्याकडे सूर्य बाराला मावळतो.

मी एकतीस वर्षं वीजकेंद्रात टर्बाइनपाशी ड्यूटी केली. तिथे वीज जास्त झाली की आम्ही वाफेची झडप आवळायचो. सूर्याची झडप कुठे असते ते मला कुणी दाखवलं नाही. म्हणून वापर वाढवायचं ठरवलं आणि गल्लीत पाळ्या लावल्या. बाराची घंटा झाली की पहिल्या घरांनी पाणी तापवायचं, मधल्यांनी इस्त्री, आमच्या बाजूच्यांनी ओव्हन. वाल्देकच्या वाट्याला इस्त्री आली. शर्ट संपले, आता तो पडदे करतोय. तेवढ्याने आमची पेटी निम्मे दिवस तरी तग धरते. रोजचे आकडे मी वहीत लिहितो, केंद्रातली सवय.

वेळेवर जेवत जा. आमचं बरं आहे, ढग असले की अधिकच बरं.

तुझा,
बाबा

लुब्लिन, २ एप्रिल

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

तुमच्या पाळ्यांचं वाचून मी टेबलावर एकटीच हसत होते. कोर्नेलिया मॅडमनी, म्हणजे आमच्या प्रमुखांनी, चष्म्यावरून पाहिलं.

मॅडम कडक आहेत, पण त्यांच्याकडून खूप शिकायला मिळतं. सुरुवातीला मी प्रत्येक तक्रार पूर्ण वाचायची आणि दिवसाला सहा उत्तरं व्हायची. त्यांनी समजावलं की वाचण्यात वेळ गेला तर ग्राहकाला उत्तर उशिरा मिळतं, आणि उशीर हा त्याच्यावर अन्याय आहे. मला पटलं. आता तयार नमुने वापरते आणि दिवसाला चाळीस उत्तरं जातात. आमच्यासमोर फक्त मीटरचा क्रमांक असतो. नाव-पत्ता शेवटी यंत्र छापतं, म्हणजे पक्षपाताला जागाच नाही. किती साधी आणि न्याय्य कल्पना आहे!

परवा ब्रसेल्सहून पाहुणे आले होते. त्यांनी सभेत सांगितलं की यापुढे सामान्य नागरिक हाच युरोपचं वीजकेंद्र आहे. मला तुम्ही आठवलात, आणि मी सगळ्यांत जास्त वेळ टाळ्या वाजवल्या. त्याच्या आदल्या रविवारी भर दुपारी विजेचा बाजारभाव शून्याच्या खाली गेला होता. घ्या हो वीज, वर आम्हीच पैसे देतो, असं मोठी केंद्रं म्हणत होती. मॅडम म्हणाल्या की ही प्रगतीची खूण आहे.

ईस्टरला येता येणार नाही, कामाचा ढीग आहे. रागावू नका. माझी आठवण आली तर ती रांगेत लावा, मी क्रमाने उत्तर देईन.

तुमची,
मिलेना

ओल्शाव्हा, २० एप्रिल

चि. मिल्कास, अ. आ.

ईस्टर बरा गेला. गेनोव्हेफाने अंडी रंगवली. हवा छान आहे, म्हणजे वीज नाही.

वाल्देक रोज विचारतो की कंपनीचं उत्तर आलं का. मी म्हणालो, पोस्टमन आजारी आहे. पोस्टमन तेव्हा वाल्देककडेच चहा पीत होता.

तू दमत तर नाहीस ना? चाळीस म्हणजे फार होतात. एकदा डोळे तपासून घे. बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

तुझा,
बाबा

ओल्शाव्हा, ५ मे

चि. मिल्का,
आशीर्वाद आहेत, पण आधी राग निघून जाऊ दे, मग तेही येतील.

काल तुझ्या बापाची आकड्यांची वही चाळताना मला मधे घडी घातलेला कागद मिळाला. कंपनीचा. तारीख ८ एप्रिल. त्यात काय आहे ते तुलाच वाचून दाखवते: "आपल्या मीटरवरील विद्युत दाब २४ ते ३० नोव्हेंबर या काळात मोजला असता विहित मर्यादेत आढळला. सबब आपली तक्रार निराधार आहे." खाली सही मिलेना व्रोना, शेपटी वळवून, अगदी झोकदार.

अगं नोव्हेंबर! नोव्हेंबरात आमच्याकडे ऊन दिसलं तर आम्ही छातीवर क्रूस काढतो. बर्फ मोजायला जुलैत आले नाहीत हेच नशीब.

तुझ्या बापाने ते पत्र लपवलं, का तर पोरीची सही गल्लीने पाहू नये. त्यामुळे आता सगळ्यांना वाटतंय की त्याने अर्ज दिलाच नव्हता. मंगळवारी सभागृहात वाल्देक त्याच्या तोंडावर म्हणाला, मुलीने आमच्या छपरावर काचा चढवल्या आणि बापाने आमच्या हातात इस्त्री दिली, व्रोनांनी आम्हाला चांगलंच शिकवलं. बाकीचे हसले. ज्या माणसाच्या शब्दावर केंद्रात अख्खी पाळी झडप फिरवायची, तो टोपी हातात घेऊन खाली बघत बसला. तेव्हापासून तो सभागृहात येत नाही.

मी तुला हे कळवलं हे त्याला आवडणार नाही. न आवडो. सही तू केलीस, आता निस्तरही तूच.

तरीही तुझीच,
गेनोव्हेफा आत्या

लुब्लिन, १२ मे

ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार, आणि या वेळी तो खरोखर जमिनीवर डोकं टेकून.

बाबा, तुमचा अर्ज मी वाचला नव्हता. त्या दिवशी तो अठरावा होता की तिसावा, तेही मला आठवत नाही. तुम्ही डोळे तपासायला सांगितलंत तेव्हा मी खरंच डॉक्टरकडे जाऊन आले. डोळे उत्तम आहेत म्हणाले.

मग मी माझ्या सहीची, दाबाच्या तक्रारींवरची सगळी नकारपत्रं बाहेर काढली. दोनशे बारा निघाली. ती पहिल्यांदा वाचली. एकूण एक मोजणी ऑक्टोबर ते फेब्रुवारीतली. मॅडमना विचारलं, उन्हाळ्यात का मोजत नाहीत. त्या शांतपणे म्हणाल्या की उन्हाळ्यात दाब जास्त असतो, त्याने मोजणी बिघडते.

नियमावलीच्या शेवटी मला एक कलम सापडलं. उत्तर देणाऱ्याने स्वतःची चूक लेखी कबूल केली तर फेरमोजणी करावीच लागते. हे कलम आजवर कुणी वापरलं नव्हतं, म्हणून ते काढून टाकायचं राहून गेलं असावं. मी दोनशे बारा वेळा लेखी कबूल केलं. मॅडमनी शिक्का कपाटात ठेवून कुलूप लावलं, पण कलमात शिक्क्याचा उल्लेख नाही.

यादी अर्जांच्या तारखेने लावली आहे. आपली गल्ली सातवी आली. तिला मी वर सरकवलं नाही, तसं करायला तुम्हीही सांगणार नाही. पथक ११ जूनला येईल. त्यांनाही दाब मर्यादेत दिसला तर मात्र फाइल कायमची बंद होते.

एक मागणं आहे. आठ एप्रिलचं पत्र आणि हे पत्र, दोन्ही सभागृहात उभं राहून वाचा, माझ्या नावासकट. वाल्देक काकांना म्हणावं, हसायचं तर मला हसा.

माझ्यावर लोभ ठेवा असं मागायला या खेपेला तोंड नाही.

मिल्का

ओल्शाव्हा, १३ जून

चि. मिल्कास, अ. आ.

दोन्ही पत्रं वाचली. मला वाचायची नव्हती, गेनोव्हेफाने दंडाला धरून उभं केलं. कुणी हसलं नाही. वाल्देक बराच वेळ नाक शिंकरत राहिला आणि मग म्हणाला की माझ्या पोराने तर दोनशे बारा चुका केल्या, पण एकही कबूल केली नाही.

परवा पथक आलं. दोघे होते, एक जाडा प्रमुख आणि एक लांबलचक मदतनीस. आकाशात औषधालाही ढग नव्हता. साडेअकराला त्यांनी आपल्या खांबाला यंत्र जोडलं. बारा वाजता आकडा आला दोनशे एकतीस. प्रमुखाने माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. म्हणाला की अख्ख्या जिल्ह्यात इतका सरळ दाब त्याने पाहिला नाही.

मी गल्लीकडे पाहिलं तर प्रत्येक खिडकीतून वाफा. पाळी त्या दिवशी मी मुद्दाम बंद ठेवली होती. पण लुब्लिनहून पाहुणे येणार म्हटल्यावर मंडळाने सकाळपासून ओव्हन पेटवले होते. बदकं भाजत होती, पिएरोगीच्या करंज्या उकळत होत्या, बटाट्याचे वडे तळत होते. घरी पाहुणा आला म्हणजे देव आला, आणि देवाला थंड कोण वाढतं? आपल्या सगळ्या विजेचं त्यांनी जेवण करून टाकलं होतं.

मी धावत गेनोव्हेफाकडे गेलो आणि सगळं बंद करायला सांगितलं. ती म्हणाली की चीजचा केक आत आहे, वीस मिनिटं बाकी आहेत, आता बंद केला तर मधे बसेल. मंडळाने चाळीस वर्षांत बसका केक कुणापुढे ठेवला नाही, तो काय शहरातल्या माणसांपुढे ठेवायचा? बाहेर मदतनीस वायर गुंडाळायला लागला होता. मी खिडकीतून त्याच्याकडे बोट दाखवलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं की त्या कागदावर पोरीचं नाव असणार का. मी म्हणालो, असणार.

तिने स्वतःच्या हाताने ओव्हन बंद केला. मग सपाता घालून गल्लीभर पळत सुटली. दारात उभं राहून एकेकीला ओरडत होती की बायांनो, आज पाहुण्यांना उपाशी ठेवायचंय. फादर वित्होल्दांकडे बदक निम्मं झालं होतं, ते हाताची घडी घालून ओव्हनपुढे उभे राहिले. तिने त्यांना बाजूला सारलं आणि प्लग ओढला.

दोनशे अडतीस. दोनशे सेहेचाळीस. दोनशे सत्तावन्न. आपली पेटी टक्, वाल्देकची टक्, मग वरपर्यंत एकेक. मी एकतीस वर्षांत इतका गोड आवाज ऐकला नाही. प्रमुख टोपी मागे सारून बघत राहिला. मग गुडघ्यावर कागद ठेवून त्याने लिहिलं की तक्रार योग्य आहे. ट्रान्सफॉर्मर योजनेनुसार येईल, सात वर्षांच्या आत. वाल्देक म्हणतो की तोवर तो अख्ख्या जिल्ह्याचे पडदे करून ठेवील.

केक मधे पार खळगा पडला होता. गेनोव्हेफाने तो तसाच टेबलावर ठेवला आणि तोंड फिरवून उभी राहिली. प्रमुखाने तीन तुकडे खाल्ले.

मी पुन्हा सभागृहात जायला लागलो आहे. तुझ्या नोकरीचं काय झालं ते लिही, लपवू नकोस. लपवण्यात व्रोना किती हुशार आहेत ते आपण पाहिलं.

तुझा,
बाबा

लुब्लिन, २ जुलै

ती. बाबांस आणि आत्यास, सा. न. वि. वि.

लपवत नाही. उत्तरं लिहिण्याच्या कामावरून मला काढलं आहे. मॅडम म्हणाल्या की तुला ऊन इतकं आवडतं, तर उन्हातच उभी राहा. आता मी त्याच जाड्या प्रमुखांबरोबर पथकात असते, यंत्र उचलते आणि कागदावर सही करते. नाक सोलून निघालं आहे. कंपनी याला शिक्षा समजते, आणि मी त्यांचा गैरसमज दूर करत नाही.

दोनशे बारातल्या एकोणीस गल्ल्या झाल्या. कुठेही जाण्याआधी आम्ही चिठ्ठी पाठवतो की कृपया आमच्यासाठी काहीही शिजवू नका. त्यावरून माझ्याविरुद्ध तीन तक्रारी आल्या आहेत, कंपनीची मुलगी उद्धट आहे म्हणून.

काल एका वाडीत शेवटच्या घरी एक आजीबाई होत्या. एकट्याच राहतात. मार्चमध्ये त्यांनाही माझ्याच सहीचा नकार गेला होता. त्यांनी चिठ्ठी पाळली, सगळं बंद ठेवलं आणि बीटाचं थंड सार करून विहिरीत गार करून ठेवलं. आकडा दोनशे एकोणसाठवर गेला. आम्ही खांबाखाली उभ्यानेच सार प्यायलो आणि मी अहवाल त्यांना पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत वाचून दाखवला. त्या म्हणाल्या की कंपनीच्या माणसाने आपल्याला काही वाचून दाखवल्याचं त्यांना आठवत नाही, पुन्हा वाच.

मी पुन्हा वाचला.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात घरी येते. तोवर तुम्ही रागावलात तरी चालेल, पण पत्र पाठवा.

तुमची,
मिल्का