लाकूड तुमच्या खोलीत टाकू

२ नोव्हेंबर, सकाळी

घरात लाकडी फ्लोअरिंग होणार. चिरंजीव म्हणाले, "बाबा, लाकूड तुमच्या खोलीत टाकू." आधी माझी खोली! उगीच पोराला कोरडा म्हणत आलो. डोळे भरून आले. पुढे तो हॉलचा ओलावा वगैरे काहीतरी सांगत होता, ते ऐकू आलं नाही.

संकल्प : खोली एकट्याने रिकामी करायची.

३ नोव्हेंबर

कपाटात चौथीचं पुस्तक सापडलं. कवितांपाशीच दुपार झाली. एक कप्पा रिकामा.

शाळेत मास्तरांच्या टेबलाखाली लाकडी मंच होता. त्यावर कविता म्हटली की पायाखालून ठेका यायचा. टाइल्सवर वृत्त चालतच नाही. माझी कविता आजवर का जमली नाही, ते आज कळलं.

यमक्याला फोन केला. शाळासोबती, जन्मभर नुसती यमकं जुळवतोय. चौदाला, रविवारी, माझ्या नव्या लाकडावर काव्यवाचन ठरवलं. तुझ्याच खोलीत ना, नक्की ना, असं दोनदा विचारत होता. मत्सर.

५ नोव्हेंबर

संकल्प मोडलेला नाही. सूनबाईंनी आपणहून खोली रिकामी केली. माझा पलंग स्वयंपाकघरात, फ्रिजला खेटून. फ्रिज गुणगुणतो, पण मात्रा चुकवतो.

७ नोव्हेंबर

लाकूड आलं! फ्लोअरिंगवाल्याने खोकी उघडून माझ्या खोलीत फळ्या रचल्या. मध्ये पट्ट्या, वारं खेळायला. खिडकी बंद, ओलं फडकंसुद्धा आत नको, म्हणाला. लाकडाला आधी घराच्या हवेची सवय व्हावी लागते, नाहीतर मागाहून फुगतं, फटी पडतात.

केवढी माया! मी रिटायर होऊन घरी आलो तेव्हा मला असं कुणी ठेवलं नव्हतं.

९ नोव्हेंबर

हॉलची जमीन सपाट करून झाली, आता वाळतेय. हॉलचा दरवाजा खालून तासला. माझ्या खोलीत अजून कुणी टेपही धरलेला नाही. दुपारी मी डुलकी घेतो, तेव्हा माप घेतलं असणार.

सूनबाईंना सांगितलं, फार चकाकी नको. त्या म्हणाल्या, "बाबा, शेवटी तिथे टीव्ही बघत बसणार तुम्हीच." म्हणजे खोलीत टीव्हीसुद्धा!

१० नोव्हेंबर

फळ्यांना रोज कविता वाचून दाखवतो. सवय लावायची तर चांगली लावावी. आजची ताजी :

वनातल्या पाहुण्यांनो, घ्या इथे विसावा,
थंड माझ्या पावलांचा शीण तोच जावा.

यमक्याला फोनवर ऐकवली. बरी आहे, म्हणाला. लिहून घेतली वाटतं.

१२ नोव्हेंबर

दगा.

सकाळी फ्लोअरिंगवाला एकेक फळी उचलून बाहेर नेऊ लागला. पुसायला नेत असेल, म्हटलं. मग हॉलमध्ये ठोकाठोक सुरू झाली.

चिरंजीवांना गाठलं. माझ्या खोलीत कधी?

"तुमची खोली सगळ्यात कोरडी, बाबा. म्हणून हॉलचं लाकूड तिथे ठेवलं होतं."

"तू टाकायचं म्हणालास."

"मग टाकलं होतंच की."

व्याकरणात त्याचं बरोबर आहे. टाकणे म्हणजे अंथरणे, टाकणे म्हणजे आणून ठेवणे. तिसरा अर्थ मी बोलून दाखवला नाही.

सूनबाई म्हणाल्या, तुम्हालाही हवं होतं तर बोलायचं ना, अजून मागवता येईल. मी म्हणालो, मला लाकूड सोसत नाही, गुडघ्यांना गार टाइल्सच मानवतात.

फळ्याही निमूट गेल्या. इतकं वाचून दाखवलं!

संकल्प : हॉलच्या लाकडावर जन्मात पाय ठेवणार नाही.

१४ नोव्हेंबर, रविवार

यमक्या आला. घराचं दार हॉलमध्येच उघडतं, त्यामुळे त्याचं स्वागत स्वयंपाकघरातून ओरडून केलं. चपला काढून तो लाकडावरून आरामात चालत आला.

खोलीत एक फळी उरली होती. ती टाइल्सवर ठेवून तिच्यावर उभा राहिलो आणि सुरुवात केली. फळी डुगडुगली. दुसरी ओळ विसरलो.

यमक्या म्हणाला, "हॉलमध्ये चल ना, तिथे ठेका मिळेल." मी संकल्प सांगितला. बरं, म्हणाला, आणि एकटाच गेला.

थोड्या वेळाने हॉलमधून आवाज आला. वनातल्या पाहुण्यांनो. अनवाणी पाय आपटत, दोन्ही ओळी, बिनचूक. चिरंजीवांनी टाळ्या वाजवल्या. सूनबाईंनी विचारलं, काका, तुमची का? यमक्याने काय उत्तर दिलं, ते ऐकू आलं नाही.

मी फळीवरच उभा होतो.

ठेका मात्र खरंच येत होता.