खिडकीवरचे दादासो

३ नोव्हेंबर
सोसायटीच्या सेक्रेटरीपदी माझी एकमताने निवड. दुसरं कोणी उभं नव्हतं, पण एकमत ते एकमत. बिल्डिंगचं प्लास्टर आणि रंगकाम आता माझ्या देखरेखीखाली होणार. बँकेत सव्वीस वर्षं कोटेशनं तपासली, ती काय उगाच?

कॉन्ट्रॅक्टर जोतीराम. रंगाऱ्यांना उभं राहायला बांबूंची परांची उद्यापासून. परांचीला बाहेरून शीट लागते, रस्त्यावर धूळ आणि खपल्या पडू नयेत म्हणून. जोतीराम म्हणाला, जुनं हिरवं कापड हाय की माझ्याकडं, ताणून बांधू. मी हात वर करून त्याला थांबवलं. मागच्या गल्लीत गेल्या वर्षी असंच कापड वेल्डिंगच्या ठिणगीनं पेटलं होतं. माणसं वाचली, भिंती अजून काळ्या आहेत. मी जाहीर केलं, आग न धरणारीच शीट लागेल. फायर रिटार्डंट. जोतीरामने नाव दोनदा विचारलं आणि विडी विझवली.

बायकोची, म्हणजे दीप्तीची, एकच अट. पुढच्या खोलीची खिडकी झाकायची नाही. तिचं शिलाई मशीन त्या खिडकीत आहे आणि दोऱ्याचा रंग ती दिवसाच्या उजेडातच जुळवते. ट्यूबखाली मोरपंखी आणि हिरवा एकसारखेच दिसतात म्हणे. सध्या क्रांतीच्या लग्नाचे ब्लाऊज आलेत. क्रांती ही दादासोंची मुलगी, आणि दादासोंना विचारल्याशिवाय आमच्या बावडा गावात नारळसुद्धा फुटत नाही. तिचे ब्लाऊज नीट झाले तर दीप्तीचं नाव होणार. मी दीप्तीला शब्द दिला. खिडकी मोकळी राहील.

५ नोव्हेंबर
नमुने आले. गॅलरीत शास्त्रशुद्ध चाचणी. काडी लावायची, दहा मोजायचे, काडी काढायची. चांगली शीट आपोआप विझते आणि तिचे पेटते थेंब पडत नाहीत.

नमुना एक : भस्सकन गेला.
नमुना दोन : पेटते थेंब. खाली टॉवेल वाळत होता. टॉवेलही नापास.
नमुना तीन, चार : काळे पडले, आक्रसले, विझले. पास.

दीप्तीने बादली आणून सगळ्यावर ओतली. सगळ्यात मीही होतो. घरात संशोधनाला पोषक वातावरण नाही. सर्दी होणार बहुतेक.

७ नोव्हेंबर
शाहूपुरीत दुकानात गेलो. काउंटरला स्नेहल नावाच्या बाई. म्हणाल्या, तीन आणि चार दोन्ही चालतील, आग दोन्ही धरत नाहीत. पण तीन नंबर जाळीदार आहे, आत माणसं राहत असतील तर तीच घ्या, उजेड-वारा येतो. चार नंबर जाड, घट्ट, राखाडी.

मी त्यांना समजावलं की जाळीला भोकं असतात. आग भोकातून येत नाही का? त्यांनी काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. म्हणजे पटलं. चार नंबर फायनल. मात्र रोलवरचा नंबर सर्टिफिकेटशी स्वतः ताडून पाहिला, अकराच्या अकरा रोल. त्या बाई शेवटी स्टुलावर बसल्या.

११ नोव्हेंबर
शीट लागली. बिल्डिंग पार्सलसारखी दिसते. आतून मात्र थोडा काळोख जाणवतो. वरच्या मजल्यावरच्या अक्कांनी विचारलं, गिऱ्हाण लागलंय का. सोसायटीत नाराजीचा सूर, पण द्रष्ट्या माणसाला हे सोसावंच लागतं.

आमच्या खिडकीपुरती शीट गुंडाळून वर बांधून घेतली. अख्ख्या बिल्डिंगमध्ये तेवढाच एक चौकोन उजेड. दीप्ती मशीनवर बसली आणि माझ्याकडे बघून हसली. चहात आलंही घातलं होतं.

१३ नोव्हेंबर
संध्याकाळी मंडळाचा गुंडू पोरं घेऊन आला. म्हणाला, सायेब, असली सपाट भिंत अख्ख्या बावड्यात न्हाय. तुमचा वाढदिवस सोळाला हाय न्हवं? डिजिटल बोर्ड लावूया की. चार मजली.

मी ठाम नकार दिला. असल्या बोर्डबाजीच्या मी तत्त्वतः विरोधात आहे. शहर विद्रूप होतं.

मग फोटो कोणता, एवढंच विचारलं. माहिती असलेली बरी.

१४ नोव्हेंबर
निळ्या कोटातला फोटो दिला. दबावाखाली.

बोर्डाच्या फ्लेक्सचा तुकडा मागवून गॅलरीत चाचणी घेतली. भस्सकन गेला, वर पेटते थेंब. नमुना बहुधा सदोष होता. फेरचाचणीला वेळ नाही. शिवाय मागे आपली शीट आहेच, आणि बोर्ड दोन दिवसांचा. गुंडूला सक्त ताकीद दिली की फटाके वाजवायचे नाहीत. तो म्हणाला, छ्या, एक माळ फकस्त.

रविवार, १६ नोव्हेंबर
वाढदिवस. बोर्ड चढला. मी चार मजले उंच! 'कार्यसम्राट अतुलसाहेब.' माझी मिशी दुसऱ्या मजल्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. कोडोलीहून येणाऱ्या एसटीतली माणसं वाकून बघत होती. डोळे भरून आले.

किरकोळ अडचण. आमच्या खिडकीवरची शीट खाली सोडावी लागली, बोर्डाला आधार म्हणून. बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात आशीर्वाद देणारे दादासो आहेत, हात जोडून. ते नेमके आमच्या खिडकीवर आले. दीप्तीने विचारलं, किती दिवस. मी म्हणालो, दोन. तिने ट्यूब लावली. चहा मीच केला.

१९ नोव्हेंबर
बोर्ड कधी काढता म्हणून गुंडूला विचारलं. तो हसला. म्हणाला, आपला बोर्ड आपणच काढायचा नसतो सायेब, पोरांचा अपमान हुतो. फुडच्या माणसाचा वाढदिवस आला की ह्यो आपोआप उतरतो. पुढचा वाढदिवस कोणाचा? फेब्रुवारीत आहे एक.

हरकत नाही. दुसरा उपाय तयार आहे. खिडकीपुरता चौकोन कापायचा. माझा चेहरा असता तर आत्ता कापला असता, मी स्वतःच्या फोटोला जपणाऱ्यातला नाही. पण तिथं दादासो आहेत. दादासोंचं तोंड कापल्याचा फोटो गावभर फिरला तर? निवडणुका तोंडावर आहेत. प्रत्यक्ष भेटून परवानगी घ्यायची. उद्याच.

२० नोव्हेंबर
दादासोंकडे गेलो. ऊसदर, पाऊस आणि फुटबॉल यांवर चर्चा. चहा, पोहे. विषय निघाला नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर
विहारात वंदनेला दादासो शेजारीच बसले होते. आज बोलणारच होतो. पण वंदनेत ऐहिक बोलणं बरं दिसत नाही. नंतर खीर होती. खिरीच्या वेळी त्यांनी स्वतःहून विचारलं, काय सेक्रेटरी, बेस हाय न्हवं? मी म्हणालो, एकदम बेस.

घरी आलो तर दिवसाचे अकरा आणि खोलीत रात्र. वारा आला की बोर्ड फुगतो आणि धप्पकन बसतो. भिंत श्वास घेते असं वाटतं. जेवताना आमटी आणि ताक यांत गल्लत झाली. आपल्याच चेहऱ्याच्या आत राहतोय आपण, असं मनात आलं. वाईट वाटलं. पण बाहेर जाऊन पाहिलं, बोर्ड खरंच छान दिसतो.

२५ नोव्हेंबर
क्रांती ब्लाऊज बघायला आली. डाळिंबी ब्लाऊज रस्त्यावर नेऊन पाहिला. जांभळा दोरा. बाकीच्यांचंही तसंच. क्रांतीने तो दीप्तीच्या हातात दिला, आणि दीप्ती रस्त्यातच रडायला लागली. इतक्या वर्षांत ती शिवणाचं काही चुकली म्हणून रडलेली मी पाहिली नव्हती. वर माझा चेहरा हसतच होता.

क्रांती म्हणाली, वैनी, अजून चार दिस हायती, उसवून घालू. दीप्ती म्हणाली, उसवते, पण इथं न्हाय.

२६ नोव्हेंबर
दीप्ती मशीन टेम्पोत घालून कागलला माहेरी गेली. सासूबाईंच्या ओसरीत पूर्वेकडं मोठी खिडकी आहे. मी म्हणालो, दोन दिवस थांब, उद्या दादासोंशी बोलतोच. ती म्हणाली, तुमी बोला निवांत. टेम्पो वळेपर्यंत उभा होतो.

उद्या बोलायचंच. फायनल.

२७ नोव्हेंबर
लग्नघरात गडबड. अशा वेळी त्रास देणं माणुसकीला धरून नाही.

२९ नोव्हेंबर
क्रांतीचं लग्न. ब्लाऊज वेळेवर पोहोचले म्हणे, कागलहूनच. सगळ्या बायका शिलाईचं कौतुक करत होत्या. दीप्ती लग्नात भेटली. नमस्कार केला. मलाच, पाहुण्यासारखा.

संध्याकाळी वरात आमच्या दारावरून. गुंडूने एक माळ लावली. मग दुसरी. मग कुणीतरी बाण सोडला आणि तो माझ्या हनुवटीत घुसला.

भस्सकन. १४ तारखेचा नमुना सदोष नव्हता. पेटते थेंब रस्त्यावर पडायला लागले, घोडं उधळलं, नवरदेव उतरून पळाला. वर अक्का आणि सगळी बिऱ्हाडं त्या शीटच्या मागे. घाबरलो. पहिल्यांदा खिडकीकडेच बघितलं, आणि दीप्ती तिथं नाही याचा इतका आनंद झाला की मटकन खाली बसलो.

पण शीट पेटली नाही! काळी पडली, आक्रसली, जागच्या जागी विझली. अगदी नमुना चारसारखी. अक्कांना जिन्याने खाली आणलं. त्यांनी विचारलं, सुटलं का गिऱ्हाण.

३० नोव्हेंबर
कोणाला ओरखडा नाही. हे माझ्या निवडीमुळे, अकरा रोल ताडून पाहिल्यामुळे. सोसायटीच्या ग्रुपवर तसं सविस्तर लिहिलं. दोन अंगठे आले, त्यातला एक माझा.

नुकसान : मी. कोट, मिशी, कार्यसम्राट, सगळं गेलं. भिंतीवर आता फक्त खालचा कोपरा शिल्लक आहे. खिडकीवरचे दादासो. हात जोडून, खणखणीत.

२ डिसेंबर
दादासो स्वतः आले, पोरांतर्फे माफी मागायला. आत येऊन चाचपडत खुर्चीवर बसले. विचारलं, दिवसाढवळ्या अंधार का केलाय? मी खिडकीकडे बोट दाखवलं. त्यांनी खिडकीतून वाकून शीट सारली, तर पलीकडे ते स्वतःच.

म्हणाले, मग फाडा की. माझं त्वांड म्हंजे काय सोन्याचं हाय? पयल्या दिवशीच फाडा म्हणलो असतो. तुमी कवा इचारलं?

स्वयंपाकघरातून सुरी आणून त्यांनीच स्वतःच्या कपाळापासून फ्लेक्स फाडला आणि मागची शीट गुंडाळून वर बांधली. मग चहा न घेताच गेले.

दीप्तीला लगेच फोन केला. खिडकी मोकळी झाली, शब्द पाळला. ती म्हणाली, बरं झालं. तिकडं तिला लग्नाच्या ऑर्डरी आल्यात, एप्रिलपर्यंतच्या. परत कधी येतेस विचारणार होतो. सासूबाई कशा आहेत, ते विचारलं.

दुपारी चार. खोलीत ऊन आलंय. फरशीवर मशीनच्या पायांचे चार डाग आहेत, आजवर दिसले नव्हते. शर्टाचं बटण तुटलंय. खुर्ची डागांवर ओढून बसलो. सुई सापडली. एवढ्या उजेडात दोऱ्याचा रंग मलासुद्धा जुळवता आला असता. दोऱ्यांचा डबा ती घेऊन गेली आहे.