फलाटावरच्या दोन ओळी

गुरुजी,

आधी एक गंभीर तक्रार. हात धुतल्याशिवाय पुस्तकाला शिवायचं नाही, हा तुमचा दंडक माझ्या अंगात इतका मुरला आहे की पन्नाशी उलटून गेली तरी मला चिवडा खात कादंबरी वाचता येत नाही. नाशकात राहून ही शिक्षा! एक घास, मग बेसिन, मग एक पान, पुन्हा घास. कादंबऱ्यांमधले सगळे खून मला ओल्या हातांनी कळले आहेत. याला प्रायश्चित्त काय, ते तुम्ही जाण्याआधी सांगून ठेवायला हवं होतं.

आता खरं सांगतो. माझा कवितासंग्रह निघतोय. हसू नका. मुद्रितं तपासायला घरी आली आहेत. माईंना आता दिसत नाही, म्हणून दर रविवारी दुपारी त्यांच्याकडे जाऊन मी त्या कविता वाचून दाखवतो. गंगापूर रोडला तुमच्या लेकीच्या फ्लॅटमध्ये असतात त्या. बाल्कनीत पाय पसरून बसतात आणि मला अजून तुमचा विद्यार्थीच समजतात. 'सावकाश वाच, जेवून आलायस ना?' गेल्या रविवारी बारावी कविता आली, जिचं नाव मी संग्रहाला दिलंय ती. मी वाचलं, 'गाडी गेल्यावर फलाट थोडा रुंद होतो', आणि श्वास घ्यायला थांबलो.

माई म्हणाल्या, 'आणि आपण दोघं थोडे जवळ बसतो.'

मुद्रित माझ्या हातात आहे. त्यांना दिसत नाही. कविता आजवर कुठे छापून आलेली नाही. तुम्हाला कशी ठाऊक, असं विचारलं तर माई लाजल्या. शहाऐंशीव्या वर्षी लाजल्या, गुरुजी. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाताना मनमाडला तुमची गाडी चुकली, तेव्हा तुम्ही ती कविता केलीत म्हणे. पुढे त्या रुसल्या की स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून म्हणायचात. 'तू पाटावर असायचास की. आमटी ओरपत. मला वाटायचं, ह्याचं सगळं लक्ष ताटात आहे.'

ताटातच होतं. पाठशाळेतली आम्ही मुलं वार लावून सात घरी जेवायचो, माझा गुरुवार तुमच्याकडे. पण तुम्हीच कानाला असं वळण लावलं होतं की दोनदा ऐकलेलं पुसलं जायचं नाही. कुणाचं, तेवढंच पुसलं गेलं. आणि मला तर ती कविता लिहिल्याचं स्वच्छ आठवतं! येवल्याहून येताना एसटीत, तिकिटाच्या पाठीवर. बायकोला मी सांगितलं होतं की ती तिच्यावरच आहे. आठवडाभर बरी वागली होती माझ्याशी. शिवाय मुक्तछंदाला शिट्टी न होणारा कुकर म्हणणारे तुम्ही, आणि घरात दाराला टेकून हे उद्योग?

सतराव्या वर्षी मी माझी पहिली कविता तुम्हाला दाखवली होती. कागद परत देताना तुम्ही एवढंच म्हणालात, 'पाठांतर चांगलं आहे तुझं.' मी तो टोमणा समजलो आणि महिनाभर तुमच्याशी धड बोललो नाही. गेल्या रविवारपासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. नाडी पाहून वैद्याने रोग सांगावा तसं तुम्ही सांगितलं होतंत, आणि मी औषध न घेता तीस-पस्तीस वर्षं कविता करत बसलो.

ही काढून टाकतो, असं मी माईंना म्हणालो. त्या म्हणाल्या, 'कशाला? त्यांनी कधी कागदावर उतरवली नाही. तुझ्या नावाने का होईना, राहील.' मग म्हणाल्या, 'पुढची वाच.' गुडघा आखडल्याचं सांगून मी उठलो.

ती कविता तुमच्या नावाने छापायची, असं प्रकाशकाला कळवलं आहे. तेवढं सोपं होतं. अजून एकोणतीस वाचायच्या राहिल्यात. या रविवारी मी गेलो नाही, सर्दीचं कारण फोनवर सांगितलं. हे पत्र तुम्हाला पाठवता येत नाही. माईंना वाचून दाखवता येईल, पण तेही मी करणार नाही.

मला भीती वाटते, गुरुजी. त्या एकोणतीसही त्यांना येत असतील.