कसंतरी होतंय

मंगळवार, ४ नोव्हेंबर
डॉक्टर रीसने आज भर वॉर्डमध्ये माझी शोभा केली! एका आजींसाठी मी त्याला बोलावलं, तर निघाला नुसता गॅस. "मग ही सिस्टीम कशाला आणलीय?" म्हणे. सिस्टीम म्हणजे आमचा नवा एआय — नाडी, बीपी, रिपोर्ट बघतो आणि पेशंट हिरवा, पिवळा की लाल ते सांगतो. आजी हिरव्याच होत्या. मलाच काळजी वाटली. गप्प बसायला काय झालं होतं मला!

बुधवार, ५ नोव्हेंबर
जयंतकाका म्हणून नवे पेशंट आलेत वॉर्डवर, खुब्याच्या ऑपरेशननंतर. अख्खी नोकरी इथेच कार्डिफमध्ये झाली, पण मराठी अजून पुण्याचीच. मी मराठी म्हटल्यावर केवढे खूश! डॉक्टरांना "फाइन, थँक यू." मला मात्र हळूच — "अक्षया, कसंतरी होतंय गं."

दुखतंय? नाही. मळमळतंय? तसंही नाही. "कसंतरीच."

आता हे इंग्रजीत कुठल्या रकान्यात भरू? घरी बाबा असं म्हणाले की आई हातातलं टाकून धावते. आणि मी? स्क्रीन त्यांच्याकडे फिरवला — "बघा काका, हिरवेगार आहात!" ते हसले.

शेवटी स्क्रीन विचारतोच: नर्सला काळजी वाटते का? 'हो' दाबलं की डॉक्टरला बोलावणं आलंच. म्हणजे परत रीस!

'नाही' दाबलं. वाटत होती. तरी दाबलं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
काका आयसीयूत. पोटात रक्तस्राव. सकाळच्या नर्सला बेशुद्ध सापडले.

रक्तस्रावात नाडी वाढते, पण हृदयाच्या गोळीमुळे काकांची वाढलीच नाही, म्हणून मशीन फसलं म्हणे. सगळे मशीनला शिव्या देतायत, रीससुद्धा. मीही मान डोलावली. डोलावली मी मान!

शनिवार, ८ नोव्हेंबर
मीटिंग झाली. मॅनेजर म्हणाली, "अक्षयाने 'काळजी नाही' असं नोंदवलंय, म्हणजे तेव्हा लक्षण काहीच नव्हतं. तुझी काही चूक नाही, लव्ह." इथे सगळ्यांनाच 'लव्ह' म्हणतात; वर पाठीवर हातही फिरवला.

माझं खोटंच माझ्या बाजूने साक्ष देतंय. बोलणार होते, खरंच. घसा खाकरला, पाणी प्यायले आणि बसून राहिले. शी!

सोमवार, १० नोव्हेंबर
काका शुद्धीवर आले. त्यांच्या बायकोने, नंदाकाकूंनी, माझे हात धरले — "त्या रात्री फोनवर म्हणाले, फार तळमळतोय. मी म्हटलं, अहो, बेल दाबा ना! तर म्हणे, नको, उगाच त्यांना त्रास. आपल्या अक्षयाने बघितलंय, मी हिरवा आहे."

मॅनेजरच्या दाराबाहेर बसून लिहितेय. आत रीसही आहे. असू दे.