मथुराबाईंच्या मालकांचं चित्र

८ जून १९७४, सकाळी ११
केम गावाहून मथुराबाई आल्या. मालक महिपती माघात वारले. जन्मात एक फोटो नाही, कॅमेरा दिसला की उठून जायचे म्हणे. वर्षश्राद्धाला भिंतीवर चित्र पाहिजे. मी सांगते तसं काढा म्हणाल्या. तासभर सांगत होत्या. भुवईला बैलाचं शिंग लागल्याची खूण, पुढचे दात एकावर एक, हसले की एक डोळा बारीक. लिवून घ्या की, म्हणाल्या. म्हटलं, आर्टिस्टची वही डोक्यात असते.
वीस वर्षं नुसती विडीची आणि चादरीची लेबलं. आता मास्टरपीस. पंधरा दिवसांत पुरा करणार. मुंबईच्या प्रदर्शनालाही दाखवू.

९ जून
पेन्सिलला टोक केलं. उत्तम टोक.

२ जुलै
स्केच नाही. मन लागत नाही, आणि लागत नाही याचं वाईटही वाटत नाही. दिवसभर पंख्याकडे बघत पडलो. विचार चालू असतो. तेही कामच.

१९ ऑगस्ट
स्केच झालं, एका बैठकीत! शेजारचे फ्रेमवाले कासीमभाई बघून म्हणाले, ये तो बंडलवाला है. म्हणजे विडीच्या लेबलावरचा मिशाळ बाप्या. तोही मीच काढतो. लगेच खोडलं. परत काढलं. मिशा आपोआप आल्या.

६ ऑक्टोबर
मथुराबाई आल्या. मी मागच्या दाराने चहाला गेलो. गिऱ्हाइकाला कच्चं काम दाखवू नये. दोन तास बसून गाडीला गेल्या, असं कासीमभाई म्हणाले. मला काही वाटलं नाही.

२१ नोव्हेंबर
दिवाळीच्या जाहिरातींत वेळ गेला. आज कॅनव्हासवर चौकोन पाडून स्केच उतरवलं. खूण डाव्या भुवईला की उजव्या? पत्र टाकून विचारलं तर विश्वास उडायचा. फेटा भुवयांवर ओढला. दात नकोत म्हणून ओठ मिटवले. याला कंपोझिशन म्हणतात.

१२ जानेवारी १९७५
ऑइलचा तिसरा हात. फेटा झकास! कासीमभाईही म्हणाले, फेटा असली लगता है. चेहऱ्याबद्दल बोलले नाहीत. भारावले असावेत.

१५ फेब्रुवारी, दुपारी ४
वार्निश वाळलं, फ्रेम झाली. मथुराबाई आल्या. बराच वेळ बघत उभ्या. मग म्हणाल्या, ह्ये फेटा न्हवते बांधत, टोपी घालायचे. म्हटलं, खूण त्याच्याखाली आहे, कुठल्या भुवईला ते सांगा, अजूनही करून देतो. त्यांनी स्वतःच्या डाव्या भुवईला बोट लावलं. मग उजवीला. मग हात खाली घेतला.
म्हणाल्या, पयल्यांदा आले तवा समदं डोळ्यापुढं हुतं. आता मलाबी दिसंना. ऱ्हाऊ द्या. ह्येच मालक म्हनायचे. हुईल सवय.
वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळी बांधून दिलं. पसंत पडलं म्हणायचं.