काठोकाठ तांब्या

निरवांगी, १७ जून १९९६
आज शाळेत रुजू झाले. घरातली पहिली पदवीधर, आता पहिली मास्तरीण! दादा सोडायला आले नाहीत. निरवांगी सोडून कुठलंही गाव घे, एवढंच म्हणत राहिले. बाप आहेत, एकट्या मुलीची काळजी वाटणारच. एस.टी. थांब्यावर जयवंताबाई भेटल्या. एकट्याच राहतात, वय चाळिशीच्या आसपास. माझं आडनाव विचारलं, मूळ गाव डाळज का विचारलं, आणि ट्रंक उचलून थेट आपल्या घरी नेली. खोली छान आहे, खिडकीतून ऊस दिसतो. मी सहज मावशी म्हटलं, तर किती वेळ माझ्या हातांकडे बघत राहिल्या.

२ जुलै
मावशींचा हात कधी रिकामा नसतो. पदर सारतात, लगेच कपाळ पुसतात, मग म्हशीच्या पाठीवर थाप. चालताना मध्येच एक पाऊल उडतं, तेव्हा खडा टोचल्यासारखं वाकून बघतात. खडा नसतो. गंमत वाटते.

२१ जुलै
मुलांच्या आयांचं दारूबंदी मंडळ काढलं. मी दोन वर्षांची असताना माझी आई दारूपायी गेली. दादांनी ते कधी लपवलं नाही. तिच्या माहेरचं कोणी उरलं नाही म्हणतात. मला तिची लाज वाटते, म्हणूनच हे काम करायचं आहे. बैठकीत सरुबाई म्हणाल्या की आधी आपल्या घरमालकिणीचं बघा, ती सकाळपासून झुलत असते. सगळ्या हसल्या. मी हसले नाही. पण दुपारी मावशी शेतात असताना त्यांची उतरंड, कणगी, गोठा, सगळं धुंडाळलं. बाटली सापडली नाही. मनात आलं, हुशार आहेत.

४ ऑगस्ट
इथं खऱ्याखोट्याचा निवाडा असा करतात: भंडारा टाकलेला काठोकाठ तांब्या देवळाच्या पायरीपासून गाभाऱ्यापर्यंत न्यायचा. थेंब सांडला की माणूस खोटा. बायकांनी मावशींना बोलावलं. त्या नको म्हणत होत्या. मीच हात धरून समजावलं की खरं असेल तर भीती कसली. माझ्याखातर उठल्या. चौथ्या पावलाला अर्धं पाणी सांडलं, मग तांब्याच सुटला. सरुबाई म्हणाल्या, "अंगात आलंय म्हनू नका, बाटली नाचतीया." त्यानंतर मी भाषण केलं. भाषण चांगलं झालं.

११ ऑगस्ट
डेअरीवर मावशींच्या शेजारी कोणी उभं राहत नाही. वर्गातली मुलं हात वेडेवाकडे करून दाखवतात, मला हसवायला. आज दुपारी मावशी झोपल्या होत्या. हात अगदी शांत. जाग्या झाल्या, अजून पाण्याचा घोटही घेतला नव्हता, आणि बोटं नाचू लागली. दारू झोपेत उतरते आणि डोळे उघडताच चढते? मी काय करून बसले.

२२ ऑगस्ट
मावशींना घेऊन बारामतीला गेले. दर गुरुवारी पुण्याहून मेंदूचे डॉक्टर येतात. ते म्हणाले की अंग हलायला कारणं पुष्कळ. म्हातारपणाचा कंप, तापानं मेंदूला झालेली इजा, कसल्या गोळ्या, अंगात साठलेलं तांबं. हे त्यातलं दिसत नाही, दारूचं तर नाहीच. घरात आणखी कोणाला होतं का, असं विचारलं. मावशी खाली बघून म्हणाल्या, "थोरली भन हुती. डाळजला दिलेली. लोक म्हनायची, पिती. तिची पोरगी हाय, लई शिकली." आणि माझ्याकडे बघितलं.
डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले, हा रोग रक्तातून उतरतो, आईला असेल तर मुलीला होण्याची शक्यता निम्मी. बहुतेकांना चाळिशीकडे, काहींना विशीतच. ते कोणाबद्दल बोलत होते, त्यांना माहीत नव्हतं.

२९ ऑगस्ट
आई खरंच पीत होती का, दादांना विचारलं. रडले. दारू बाईबरोबर जळून जाते, रोग मागं पोरीच्या अंगावर राहतो, मग तिला करून कोण घेणार, म्हणून दारूच सांगत आलो, म्हणाले.
मावशीला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझे हात स्थिर आहेत का, तेवढंच बघत होती. आणि मी तिला तांब्या—

५ सप्टेंबर
रविवारी बायकांना बोलावलंय. माफी मागणार. तोच तांब्या आधी मी उचलणार, मग मावशीचं खरं सांगणार. माझ्या आईचंही.
आज फळ्यासमोर पदर सारला. वारा नव्हता.

७ सप्टेंबर
सकाळपासून अकरा वेळा. सवय असेल. भीतीनंही होत असेल— मावशी दारातून बघते. बघत नाही असं दाखवते.

८ सप्टेंबर
अंगणात तांब्या भरून चालून बघितलं. उंबऱ्यापासून तुळशीपर्यंत. तुळशीपाशी पायावर गार लागलं.
मावशीनं तांब्या काढून घेतला. म्हणाली, "तू नगं उचलू. माजीच बाटली हुती म्हन."
आणि मला— लिहायला लाज वाटते— मला बरं वाटलं.
सरुबाई दारात आल्यात. विचारतायत, कशाला बोलावलं. मावशी मान हलवते, नको म्हणून. का ती मान आपोआप— मी सांगणार आहे. सांगते. मी म्हणणार की मावशी—
पदर—
मावशी पीत